जुनी ॲम्बॅसेडर घरच्या घरी कशी सांभाळावी

इंदूरला लोकमान्यनगरातल्या आमच्या घरासमोर १९८६ सालची मार्क ४ ॲम्बॅसेडर उभी असते. बाबांनी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. आज ती माझ्याकडे आहे आणि तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात किराणा दुकानात मिळते तसली लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. बाबा तीत चारच गोष्टी लिहायचे: तारीख, किलोमीटर, काय केलं आणि काय ऐकू आलं. ‘पॉइंट घासले. डावीकडून कुईकुई.’ एवढंच. पण तीन पानं मागे गेलं की ती कुईकुई कधी सुरू झाली, तेव्हा पाऊस होता का, त्याआधी कशाला हात लावला होता, सगळं कळतं.

जुनी गाडी घरी सांभाळायची असेल तर पहिली खरेदी या वहीची करा, पान्यांची नंतर. माझा सगळा अनुभव एका वाक्यात मावतो: एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा आणि शंभर किलोमीटर चालवल्याशिवाय दुसऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही. एकाच रविवारी प्लग, पॉइंट, कार्बोरेटर आणि टायमिंग असं सगळं केलं आणि गाडी बिघडली, तर नेमकं कशाने बिघडली हे शोधायला पुढचे चार रविवार जातात.

खालची मापं पेट्रोलवर चालणाऱ्या १४८९ सीसी इंजिनाची आहेत. पद्मिनी, जुनी जीप किंवा मारुती ८०० असेल तर कामाची रीत तीच, मापं मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

हत्यारं

ही गाडी मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. त्यामुळे तिचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. आपल्याकडे घरोघरी पाने असतात ते मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की निसटतो आणि बोल्टचे कोपरे झिजतात. जुन्या गाड्यांवरचे अर्धे गोल झालेले बोल्ट असेच झालेले असतात. मिस्त्री लोक ही मापं सुतात सांगतात: अर्धा इंच म्हणजे चार सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन, ९/१६ म्हणजे साडेचार. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात सुतात मागितलं की दुकानदार बरोबर पाना काढून देतो. एक रिंग पान्यांचा संच, एक डबल पान्यांचा, प्लग पाना, फिलर गेज, ग्रीसगन, टेस्ट लँप आणि दोन चांगले स्टँड एवढ्यात वर्षभराचं काम होतं. तुमच्या ॲम्बॅसेडरमध्ये १.८ लिटरचं इसुझू इंजिन असेल तर त्याला मात्र मिलिमीटरचेच पाने लागतील.

स्टँडच्या बाबतीत तडजोड करू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी उचलली की तिचं वजन स्टँडवर घ्यायचं, उरलेल्या चाकांना पुढून-मागून विटा लावायच्या, गाडी हाताने जोरात हलवून पाहायची आणि मगच खाली शिरायचं. आमच्याकडे अंगण मातीचं होतं तेव्हा बाबा स्टँडखाली सागाच्या फळ्या घालायचे, कारण काळ्या मातीत लोखंडी पाय रुततो.

तेल आणि पाणी

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. पातळ सिंथेटिक तेल नव्या इंजिनांसाठी ठीक आहे. जुन्या इंजिनात ते सीलमधून झिरपतं आणि ऑइल प्रेशरही खाली दिसतं. साधारण चार लिटर बसतं, पण आकड्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. दर ४,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी कमी चालते म्हणून तेल वर्षानुवर्षं तसंच ठेवू नये. थंड इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं की आत वाफ धरते आणि तेल आंबटतं.

बदलण्याआधी गाडी पंधरा मिनिटं चालवून आणा. गरम तेल मळ घेऊन बाहेर येतं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा घाला, आणि प्लग आवळताना पान्यावर एका हाताचा जोर पुरे. जळकं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्याला द्या.

मागच्या ॲक्सलला ९० नंबरचं ईपी ऑइल लागतं. तिथला एक नियम पक्का लक्षात ठेवा: आधी तेल भरायचा प्लग उघडायचा, मग तेल काढायचा. वर्षानुवर्षं न हललेला भरायचा प्लग कधी कधी हलतच नाही. खालून तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकते.

आता पाणी. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात. म्हणजे जुन्या इंजिनाच्या हाताशी फार कमी अंतर उरतं. म्हणून रेडिएटरचं झाकण चांगलं हवं, कारण झाकणाने धरलेला दाबच उकळबिंदू वर नेतो. झाकणाचा रबर कडक झाला असेल, स्प्रिंग ढिली पडली असेल तर तेच आधी बदला. स्वस्तातलं काम आहे आणि निम्मे ‘गाडी गरम होते’चे आजार तिथेच संपतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार इतका की बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट मिसळून भरा, दोन वर्षांनी बदला. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं हा समज चुकीचा आहे. ते उकळबिंदू वाढवतं आणि आतून गंज थांबवतं, आपल्याला दोन्ही हवंय. आणखी एक: गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या गाडीचाही एका गॅरेजात काढला होता. त्याने मूळ आजार झाकला जातो आणि डिसेंबरच्या थंडीत इंजिन कधीच पुरतं तापत नाही, तेलात साय धरते. थर्मोस्टॅट परत बसवा. पंख्याच्या पट्ट्याला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच खेळ हवा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. अर्धा तास सावलीत बसा.

ब्रेक

हा भाग मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता, कारण जुनी गाडी विकत घेतली की मी पहिलं काम हेच करायला सांगतो. इंदूरहून मुंबईच्या रस्त्याने निघालं की मानपूर सोडल्यावर रस्ता एकदम नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतो. तिथल्या उतारावर ट्रकचे ब्रेक जाऊन किती अपघात झाले हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी गाडी घेऊन तिथे उतरायचं तर ब्रेकबद्दल मनात शंका असता कामा नये.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरली की उकळबिंदू खाली येतो. सलग ब्रेक दाबल्यावर चाकापाशी ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, डॉट ३, सीलबंद डब्यातलं. उघडून ठेवलेल्या डब्यातलं वर्षभराने वापरू नका. त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा इतर मिनरल तेल पडू देऊ नका, सगळे रबर फुगून निकामी होतात.

हे काम दोन माणसांचं. आमच्याकडे पेडलवर आई बसायची, आता सत्तरी उलटली तरी तीच बसते. पद्धत अशी:

१. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) टाकीभोवती फडकं गुंडाळा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. टाकी काठोकाठ भरा.

२. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

३. चाकामागच्या निपलवर (हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर) पारदर्शक नळी घाला आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवा.

४. मी खालून म्हणतो, “आई, दाब.” ती सावकाश पेडल दाबते आणि म्हणते, “दाबलंय.” मी निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून आधी काळपट तेल येतं, त्यात बुडबुडे. पेडल तळाला टेकलं की ती म्हणते, “टेकलं.” मी निपल बंद करतो, मग म्हणतो, “सोड.” निपल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. म्हणून हे शब्द ठरवून घ्यायचे आणि प्रत्येकाने आपला शब्द उच्चारायचाच.

५. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकी भरा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

नळीतून स्वच्छ, मधाच्या रंगाचं तेल बुडबुड्याशिवाय यायला लागलं की ते चाक झालं. शेवटी पेडल घट्ट आणि वरच्या वर लागलं पाहिजे. दाबून धरून मिनिटभर थांबा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत.

ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या बोटाने जरा उचलून पाहा. आत ओलसर असेल तर गळती सुरू झालीय. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांचं सर्किट एकच असतं, एका चाकाला गळालं तर चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदमच बदला.

घाट उतरताना वेग दुसऱ्या गिअरवर सोपवा. ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडायचा. सतत पाय ठेवून उतरायचं नाही.

पॉइंट आणि टॅपेट

हे काम मी पहाटे करतो. इंजिन थंड असतं, गल्ली शांत असते आणि डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढलं की आतला जळका, ओझोनसारखा वास येतो. तो वास मला लहानपणीच्या रविवारांचा वाटतो.

टॉप गिअर टाका, प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, आणि गाडी हाताने इंच इंच पुढे ढकला. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या दांड्याला चार कोपरे असतात. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी जोडी. तिचा फायबरचा तुकडा बरोबर कोपऱ्यावर चढला की पॉइंट सर्वांत जास्त उघडे असतात. तिथे थांबा. एका पॉइंटवर टेकाड आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने टेकाड उतरवा, मग कोरं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढून धूळ काढा. खड्डा फार खोल असेल किंवा पॉइंट निळे पडले असतील तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) संशयित. नव्या पॉइंटसोबत नवा कंडेन्सर घालायची सवय असते. मी सांगेन, चालू असलेला जुना कंडेन्सर काढू नका. काढलाच तर डब्यात जपून ठेवा. हल्लीच्या नव्यांत दुसऱ्या दिवशी बंद पडणारे मला जास्त भेटलेत.

गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फिलर गेजची पट्टी आत घातल्यावर ती अडकता कामा नये आणि सुळकन निसटताही कामा नये. हिशेबाच्या मिटलेल्या वहीतून एक सुटा कागद ओढताना बोटांना जेवढा विरोध जाणवतो, तेवढा हवा. स्क्रू आवळताना गॅप थोडी हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. कोपऱ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, जास्त नको, ते उडून पॉइंटवर बसतं. प्लगची गॅप ०.०२५ इंच.

पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही बदलतं. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. म्हणून क्रम ठरलेला: आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंगसाठी टेस्ट लँपची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इंजिन मॅन्युअलमधल्या खुणेवर आणा, चावी चालू करा, डिस्ट्रिब्युटर सैल करून सावकाश फिरवा. ज्या क्षणी बल्ब लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथे आवळा आणि चावी लगेच बंद करा, पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांमधलं अंतर, ०.०१५ इंच, पण गरम इंजिनावर. आठ व्हॉल्व्ह आहेत. कोणता कधी मोजायचा यासाठी नऊचा नियम: जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा क्रमांक नवातून वजा करा, जो उरतो तो मोजा. आठवा दाबलेला असेल तर पहिला, सातवा असेल तर दुसरा, सहावा असेल तर तिसरा. आठ मोजण्या, आठही आकडे वहीत.

ते आकडे लिहिण्यामागे खास कारण आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. आपल्या गाडीचं हेड त्याआधीच्या काळातलं. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर उशीसारखं काम करायचं. ते गेल्यावर मऊ सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप कमी होत जाते. टॅपेट सैल असेल तर टकटक करतो, आपण लक्ष देतो. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्यामुळे तो जळतो. म्हणून माझ्या वहीत दर सहा महिन्यांना आठ आकडे असतात. एखाद्या एक्झॉस्टचा आकडा सतत कमी होत असेल, तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा कठीण सीट बसवून घ्यायच्या.

गाडीवर प्रेम करणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी त्यांना माणिकबागेची गोष्ट सांगतो. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसिउस यांच्याकडून तो महाल बांधून घेतला. त्याच काळात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिला इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून भगव्या-काळ्या रंगाची बॉडी चढवली. ती गाडी आज इंदूरला नाही. पण या गावाचं गाड्यांशी नातं महालातच संपलं नाही. पंचवीस-तीस किलोमीटरवर पीथमपूरला हिंदुस्तान मोटर्सचा इंजिनांचा कारखाना होता, ॲम्बॅसेडर आणि कॉन्टेसाची इसुझू इंजिनं तिथे बनत. १९८६ पासून आयशरचे कँटर ट्रक तिथूनच निघू लागले. आमच्या गल्लीतली दोन-तीन घरं तरी पीथमपूरच्या पगारावर उभी राहिलीत. रस्त्यावर जुना कँटर दिसला की त्याचे नट कुणी आवळले असतील याचा मी विचार करतो.

पेट्रोल आणि रबर

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीला त्याचा तिहेरी त्रास. पहिला रबराचा: जुने पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ पडतात, फुगतात, चिरतात. इंजिनाजवळ चिरलेला पेट्रोल पाइप म्हणजे आग. सगळे पाइप एकदमच बदला आणि नव्यांवर ‘एसएई जे ३० आर ९’ छापलेलं पाहून घ्या. त्यांचं अस्तर इथेनॉल सोसतं. पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉलला चालणारा मागा. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी चालू करू नका. पंप दुरुस्त करा, तेल बदला, मगच.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल ओल ओढतं. फार दिवस उभ्या गाडीत पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप आधी तेच ओढतो. म्हणून थोडं थोडं ताजं पेट्रोल भरा आणि महिन्याभरात संपवा. तिसरा कचऱ्याचा: इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवतं, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वारंवार बदला. कार्बोरेटरचा अडकलेला जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ॲव्हरेज कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा पुरते.

मेमध्ये सिग्नलला गाडी बंद पडून चालूच झाली नाही, तर बहुधा पाइपातलं पेट्रोल उकळलंय. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर घेणं आणि मध्ये पत्र्याची आड बसवणं.

काळी माती आणि गंज

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानींत, दरवाज्यांखालच्या पेटीत, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) आधारांवर थापली जाते आणि दिवाळीपर्यंत आतून ओलीच राहते. वरून रंग चकचकीत, खालून पत्रा जाळी. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून पाण्याचा जोर मारून माती काढा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा.

खाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. भदभद वाजला तिथे वायर ब्रशने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासा, प्रायमर, रंग, आणि पोकळ जागांत मेणाचा फवारा. गंजावरूनच काळं अंडरकोटिंग मारून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत पत्रा हातात येतो. पाट्यांचे आधार किंवा बॉडीचे मुख्य जोड कुजले असतील तर ते वेल्डरचं काम, तिथे घरगुती उपाय नको.

पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टीअरिंगच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असतात. दर १,५०० किलोमीटरला आणि पावसाळ्यानंतर एकदा नक्की. निपल आधी पुसा, नाहीतर बाहेरची माती ग्रीसबरोबर आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहा. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर टायर गेला.

विजेच्या बाबतीत थोडक्यात: मंद दिवे आणि सुस्त सेल्फ यांचं कारण दहापैकी सात वेळा अर्थिंगच्या वायरचं गंजलेलं टोक असतं. बॅटरीआधी ते घासा. फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावू नका.

घरात जुना डिझेल ट्रक असेल तर

टाटा ४०७ किंवा जुना कँटर असेल तर तीन सवयी पुरतात. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल करून पाणी काढा. डिझेल संपून इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारत बसू नका: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँडपंपने बुडबुडे संपेपर्यंत मारा, स्क्रू बंद करा. आणि एअर ब्रेक असतील तर टाकीचा खालचा कॉक रोज संध्याकाळी उघडा, पावसाळ्यात पेलाभर पाणी निघतं.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. दिल्ली परिसरातले जुन्या गाड्यांवरचे निर्बंध इंदूरला लागू नाहीत, पण फिटनेस आणि पीयूसी हवंच. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घेता येतो: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्या नंबरावर रोजच्या वापराला मनाई आहे, म्हणून रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

आठवड्याची फेरी

उभ्या गाडीचं इंजिन जागेवर चालू ठेवून पाच मिनिटांनी बंद करणं ही काळजी नाही. त्यात फक्त ओल साठते. आठवड्यातून एकदा निदान पंचवीस मिनिटं रस्त्यावर काढा, चारही गिअर लागू द्या. मी रविवारी सकाळी खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जातो. तिथे पोहे होतात, गाडी पूर्ण तापते.

परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा सरकवतो. तासाभराने त्यावरचे थेंब पाहतो: काळपट-तपकिरी म्हणजे इंजिन, दाट आणि गंधकाचा वास म्हणजे ॲक्सल, चाकाशेजारी पातळ पारदर्शक म्हणजे ब्रेक, हिरवट गोडसर म्हणजे कूलंट. पुठ्ठा सरकवून झाला की लगेच चारही ड्रमजवळ हाताची पाठ नेतो, टेकवत नाही. चारही सारखे गरम लागले तर वहीत तारीख आणि किलोमीटर. मागचं डावं उजव्यापेक्षा जास्त गरम लागलं तर तेही लिहितो, आणि पुढच्या रविवारी ते चाक आधी उघडतो.